हवामान बदलाचा वेगळा कायदा नसताना कोर्टात मागायचं काय?

सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावची, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी विचारते: "आमच्याकडे समुद्र दरवर्षी आत येतोय. माडांच्या दोन ओळी गेल्या. एका टोकाला सरकारने धूपप्रतिबंधक बंधारा घातला, दुसऱ्या टोकाला सुरूच्या बनाजवळची वाळूची टेकडी सपाट करून रिसॉर्टचं काम चाललंय. भारतात हवामान बदलाचा कायदाच नाही म्हणतात, मग कोर्टात मागायचं काय? ड्रोनचे फोटो, उपग्रहाची चित्रं पुरावा म्हणून चालतात का? आणि या क्षेत्रात वकिली करण्यात अर्थ आहे का?"

मी पुण्याच्या हरित लवादात आणि मुंबई उच्च न्यायालयात पर्यावरणाचीच प्रकरणं चालवतो. जास्त करून गावांच्या बाजूने, अधूनमधून कारखान्यांच्याही. तेव्हा हे उत्तर दोन्ही बाजूंच्या फायली चाळलेल्या माणसाचं आहे.

वेगळा कायदा नाही हे खरंच आहे, आणि तो लवकर येईल अशी मला आशा नाही. पण म्हणून काही बदललं नाही असं समजू नका. हक्कांच्या भाषेत बरंच बदललं आहे, पैशांच्या व्यवहारात आत्ता कुठे बदलायला लागलंय, आणि सगळ्यात जास्त बदल झालाय तो पुराव्यात. कार्यपद्धती मात्र १९७४ च्या जल कायद्याची आणि १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याची, म्हणजे भोपाळनंतर घाईने झालेल्या कायद्याचीच आहे. आपली बहुतेक प्रकरणं बुडतात ती याच कार्यपद्धतीत. हवामानशास्त्रावर युक्तिवाद होईपर्यंत ती टिकतच नाहीत.

हक्काचं आधी सांगतो. २०१७ मध्ये उत्तराखंडची नऊ वर्षांची रिद्धिमा पांडे हरित लवादात गेली होती. सरकारने पॅरिस कराराप्रमाणे पावलं उचलावीत, प्रकल्पांना मंजुरी देताना हवामानाचा विचार करावा, अशी तिची मागणी. जानेवारी २०१९ मध्ये लवादाने थोडक्यात प्रकरण निकाली काढलं: मंजुरी देताना या गोष्टींचा विचार होत नाही असं मानायला कारण नाही म्हणून. ज्याने २००६ ची ईआयए अधिसूचना, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासण्याचे नियम, उघडून पाहिली आहे त्याला हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. प्रकल्पातून किती हरितगृह वायू सुटणार याचा हिशेब मांडा आणि तो अमुक मर्यादेपलीकडे गेला तर मंजुरी नाकारा, अशी तरतूद त्या अधिसूचनेत नाही.

पाच वर्षांनी चित्र पालटलं. २१ मार्च २०२४ ला एम. के. रणजितसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये येतो. बातमी मोठी झाली, सेमिनार झाले. पण निकाल मुळातून वाचा. प्रकरण होतं माळढोकाचं, जो पाहायला लोक आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला जायचे. राजस्थान-गुजरातमध्ये उरलेसुरले माळढोक विजेच्या उघड्या तारांना धडकून मरतात, म्हणून २०२१ मध्ये याच न्यायालयाने सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात तारा जमिनीखाली घालण्याचा सरसकट आदेश दिला होता. सरकार म्हणालं, याने सौर आणि पवन ऊर्जा अडेल, देशाची हवामानविषयक वचनं पाळता येणार नाहीत. न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेतला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला. म्हणजे नागरिकांना हवामानाचा हक्क मिळाला तो ज्या निकालात मिळाला, त्यातच पक्ष्याचं संरक्षण सैल झालं.

हे मी खवचटपणे सांगत नाही. वकील म्हणून तुम्हाला यातून घ्यायची गोष्ट ही की हा हक्क दोन्ही बाजूंना वापरता येतो. उद्या तुमच्या गावातला बंधारा "हवामान बदलाशी जुळवून घेण्याचा उपाय" म्हणून समोर येईल. घाटमाथ्यावरच्या पवनचक्क्या आणि पाणी उपसून वीज साठवणारे प्रकल्प "कार्बन कमी करणारे" म्हणून येतील. तुम्ही अनुच्छेद २१ म्हणालात की समोरचा सरकारी वकील तोच अनुच्छेद वाचून दाखवेल. त्यामुळे याचिकेत रणजितसिंहचा निकाल जरूर घाला, पण पहिल्या मुद्द्यावर नको. पहिला मुद्दा जुन्या कायद्याच्या एखाद्या खुंटीला अडकवलेला हवा.

ती खुंटी कोणती? राष्ट्रीय हरित लवाद कायदा, २०१० चं कलम १४ म्हणतं की परिशिष्टातल्या सात कायद्यांच्या अंमलबजावणीतून उभा राहिलेला पर्यावरणाचा भरीव प्रश्न असला पाहिजे. जल, वायू, पर्यावरण संरक्षण, वन संवर्धन, जैवविविधता वगैरे त्यात आहेत, वन्यजीव कायदा नाही. आणि मुदत आहे सहा महिन्यांची, वादाचं कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून मोजायची. वर फार तर साठ दिवसांची विलंब माफी. आता सांगा, समुद्र आत यायला पहिल्यांदा कधी लागला? २००९ मध्ये? तुमच्या आजीच्या वेळी? हवामान बदलाच्या प्रकरणाला तारीख नसते, आणि ज्याला तारीख नाही ते लवादात पहिल्याच सुनावणीला मुदतीवर लटकतं. कलम १५ खाली भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करणं मागायला पाच वर्षं मिळतात, ती जागा थोडी ऐसपैस आहे. पण वाळूच्या टेकडीवर जेसीबी कधी चढला याला तारीख आहे. म्हणून तुमचं प्रकरण रिसॉर्टचं आहे, समुद्राचं नव्हे. समुद्र त्यात येईल तो कलम २० च्या हाताला धरून: लवादाने निर्णय देताना शाश्वत विकास, सावधगिरी आणि "प्रदूषण करणाराच पैसे भरेल" ही तत्त्वं लावायची आहेत, असं ते कलम सांगतं. जिथे किनारा मागे सरकतोय तिथे लाट अडवणारी टेकडी काढू देणं सावधगिरीच्या तत्त्वात बसतं का, हा प्रश्न तिथे विचारायचा.

आणि किनाऱ्याचा कायदा, सीआरझेड, नीट वाचा, कारण हवामान बदल कायद्यात कसा येतो आणि कसा येता येता राहतो ते तिथे दिसतं. १९९१ ची पहिली अधिसूचना, मग २०११ ची, मग १८ जानेवारी २०१९ ची. "धोका रेषा" ही कल्पना २०११ मध्ये आली: समुद्राची वाढती पातळी, पुराची व्याप्ती आणि किनाऱ्याची धूप धरून भारतीय सर्वेक्षण विभागाने आखायची रेषा. हवामान बदल नकाशावर उतरवण्याचा तो आपल्याकडचा खरा प्रयत्न. २०१९ मध्ये ही रेषा राहिली, पण आपत्ती व्यवस्थापनाचं साधन म्हणून. ती बांधकाम थांबवत नाही. त्याच अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त लोक असतील तिथे, ना-विकास पट्टा भरती रेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. खाडीकाठचं अंतर १०० मीटरवरून ५० वर. पाणी आत येतंय आणि कायदा पाण्याकडे सरकतोय. याला जुळवून घेणं म्हणायचं असेल तर म्हणा.

तुमच्या गावची वस्ती एवढी दाट नसावी, त्यामुळे २०० मीटरचा पट्टा लागू असेल. शिवाय वाळूच्या टेकड्या सीआरझेड १-अ मध्ये, सर्वांत संवेदनशील वर्गात येतात, मग अंतर कितीही असो. अडचण नकाशाची आहे. किनारा व्यवस्थापन आराखडा १:२५,००० प्रमाणावर असतो. म्हणजे कागदावरचा एक मिलीमीटर जमिनीवर पंचवीस मीटर. भरती रेषेची छापील रेघच अर्ध्या मिलीमीटरची असली तर बारा-साडेबारा मीटर जमीन त्या रेघेच्या पोटात गेली. रिसॉर्टवाल्याचा सल्लागार रेघेच्या समुद्राकडच्या कडेपासून मोजणार, तुम्ही जमिनीकडच्या. यावर तासन् तास वाद होतो. म्हणून गावनकाशावर, गट नंबरांसकट चढवलेला मोठ्या प्रमाणाचा नकाशा मागा, आणि तुमची टेकडी त्या आराखड्यात टेकडी म्हणून दाखवली आहे का ते आधी पाहा. कित्येक ठिकाणी ती दाखवलेलीच नसते. तसं असेल तर लढाई तिथून सुरू करावी लागते.

बंधाऱ्याबद्दल एवढंच म्हणतो: धूप रोखण्याच्या कामांना सीआरझेडमध्ये परवानगी मिळू शकते आणि गावाचाही त्याला पाठिंबा असतो, घरं वाचतात म्हणून. पण दगडी बंधारा जिथे संपतो त्याच्या पुढच्या किनाऱ्यावर धूप वाढते हे किनारा अभियांत्रिकीतलं जुनं ज्ञान आहे. सातपाटी असो की देवबाग, किनाऱ्यावरच्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. कायद्याला मात्र शेजारच्या वाडीचं नुकसान मोजण्याची सवय अजून लागलेली नाही.

आता पुरावा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कॉलेजात हे कुणी शिकवत नाही.

समजा ओढ्यात कारखान्याचं फेसाळ पाणी सुटलंय. तुम्ही बाटली भरून खासगी प्रयोगशाळेत दिलीत, सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं एक माप, मर्यादेच्या कितीतरी वर आला. फौजदारी खटल्यात त्या अहवालाची किंमत जवळजवळ शून्य. जल कायद्याचं कलम २१ सांगतं की प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्या समोर नमुना घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांवर खूण, सील आणि दोघांच्या सह्या, मग एक बाटली मंडळाच्या प्रयोगशाळेकडे. ही पद्धत पाळली नाही तर विश्लेषणाचा निकाल पुरावा म्हणून ग्राह्य नाही. वायू कायद्यात अशीच पद्धत कलम २६ मध्ये आहे. अख्खे खटले या दोन बाटल्यांवर सुटलेले मी पाहिलेत: सही राहिली, सील लागलं नाही, नोटीस दुसऱ्या दिवशीची निघाली.

या व्यवस्थेवर २०१४ मध्ये सेन्सर येऊन बसला. त्या वर्षी ५ फेब्रुवारीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक १७ प्रवर्गांतल्या उद्योगांना चोवीस तास चालणारी ऑनलाइन मोजणी सक्तीची केली. नळकांड्यात आणि धुराड्यात बसवलेली यंत्रं थेट मंडळाच्या सर्व्हरला आकडे पाठवतात. कल्पना उत्तम. पण हा आकडा म्हणजे कलम २१ चा नमुना नव्हे. त्यामुळे मंडळ त्याचा वापर धोक्याच्या घंटेसारखा करतं. घंटा वाजली की अधिकारी नमुना घ्यायला निघतो, आणि तो पोचेपर्यंत कारखान्यात आवराआवर होते. शिवाय सेन्सरलाही फसवता येतं. एका प्रकरणात सांडपाण्याच्या टाकीत असायला हवा तो प्रोब स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवलेला संयुक्त तपासणीत सापडला. आम्हाला संशय आला होता तो आकडे फार चांगले होते म्हणून. खऱ्या सांडपाण्याचा आलेख वरखाली होतो. पाळी बदलली की बदलतो, सणाच्या सुट्टीत पडतो. इथे सामू आठवडाच्या आठवडा एकाच रेषेत होता. तेव्हा माहिती अधिकारात फक्त "मर्यादा ओलांडली का" असं विचारू नका. कच्चे आकडे मागा, यंत्र बंद असल्याच्या वेळा मागा, कॅलिब्रेशनची, म्हणजे यंत्र बरोबर मोजतंय का ते तपासल्याची नोंदवही मागा.

यंत्राची सवय लोकांना लगेच कळते. पंजाब-हरियाणात पराली, म्हणजे भातकापणीनंतर उरलेली खुंटं जाळण्याची नोंद करणारे काही उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात. मग आगी दुपारनंतर लावल्या जातात आणि आकडेवारीत आगी कमी झाल्यासारखं दिसतं, असं अभ्यासकांनी अलीकडे दाखवून दिलंय.

उपग्रहाची चित्रं चालतात का? चालतात, आणि महाराष्ट्रात ती फार आधीपासून चालतात. कांदळवनांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोड आणि भराव थांबवला तेव्हाच उपग्रह चित्रांवरून नकाशे तयार करायला लावले. ते काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे गेलं. २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा अनुच्छेद २१ चा भंग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. आज तर युरोपच्या सेंटिनेल-२ ची दहा मीटर तपशिलाची चित्रं दर पाच दिवसांनी फुकट मिळतात, लँडसॅटचा साठा १९७२ पासूनचा आहे, इस्रोचं भुवन आहे.

पण त्यातले खड्डे ओळखा. कोकणात जून ते सप्टेंबर ढग असतात आणि नेमकं भराव टाकणाऱ्यालाही ते माहीत असतं. तेव्हा ढगांतून पाहू शकणारी सेंटिनेल-१ ची रडार चित्रं काढावी लागतात. त्यांचा अर्थ लावायला जाणकार लागतो. किनाऱ्याच्या चित्रात दुसरी गोम भरती-ओहोटीची. उधाणाच्या (मोठ्या) ओहोटीचं २०१५ चं चित्र आणि भांगाच्या (लहान) भरतीचं २०२४ चं चित्र शेजारी ठेवलंत तर कुठलाही किनारा खचलेला दिसेल, आणि समोरचा वकील भरतीचं कोष्टक काढून तुमची तुलना मोडून काढेल. आपणच आधी कोष्टक जोडावं. गुगल अर्थचा स्क्रीनशॉट तारीख आणि अक्षांश-रेखांश कापून छापतात, ही तर नेहमीची गोष्ट. न्यायमूर्ती पहिलाच प्रश्न विचारतात: "हे कधीचं?"

आणि प्रमाणपत्र. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुन्या कलम ६५-ब च्या जागी आता कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग: एक उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून काढलेली ओळखसंख्या, नमूद करायची. एक पिक्सेल बदलला तरी ती संख्या बदलते. हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे हे २०२० मध्ये पक्कं झालं ते आपल्या जालन्यातल्या निवडणूक प्रकरणातून: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही याचा, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. पर्यावरणाशी काही संबंध नाही, पण माझ्या टेबलावर रणजितसिंहपेक्षा हा निकाल जास्त वेळा उघडला जातो. हरित लवाद पुरावा कायद्याने बांधलेला नाही, कलम १९ तसं स्पष्ट सांगतं, त्यामुळे तिथे प्रमाणपत्राविनाही फोटो वाचले जातात. तरीही घ्याच. प्रकरण उद्या कुठे जाईल सांगता येत नाही, आणि एआयने बनवलेले फोटो इतके सोपे झालेत की "हे बनावट आहे" हा बचाव आता रोज ऐकू येणार.

ड्रोनचंही तसंच. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हिरवा, पिवळा, लाल असे प्रदेश आहेत, नोंदणी आहे. लाल प्रदेशात विनापरवाना उडवून आणलेलं चित्रीकरण घेऊन आलात तर आरोपी कोण, हाच वाद आधी होईल. चिपी विमानतळापासून तुमचं गाव किती लांब ते बघा.

लवादात शेवटी वजन पडतं ते संयुक्त समितीच्या अहवालाचं. जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळ, किनारा प्राधिकरण (सीआरझेडची अंमलबजावणी बघणारी राज्याची यंत्रणा) यांचे प्रतिनिधी जागेवर जातात, पाहणी करतात. लवादाने आपलं निवाडा करण्याचं काम अशा समित्यांवर सोपवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कांठा विभाग युवा कोळी समाज प्रकरणात बजावलं आहे. तरी अहवालाचं वजन राहतंच, म्हणून समिती येईल त्या दिवशी जागेवर हजर राहा, गटाच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश लिहून द्या, पोच घ्या, आणि अहवाल विरोधात गेला तर मुदतीत लेखी आक्षेप नोंदवा. तारापूरच्या मच्छीमारांनी हे करून दाखवलंय. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या अर्जावर जानेवारी २०२२ मध्ये लवादाने तिथल्या कारखान्यांवर आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर मिळून कोट्यवधींची भरपाई बसवली. त्यावर अपिलं झाली, ते ओघानेच आलं.

भरपाई कशी मोजतात? केंद्रीय मंडळाचं सूत्र आहे: प्रदूषण निर्देशांक, दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि जागा यांचा गुणाकार. लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषक वर्गातला लहान कारखाना, नियमभंग नव्वद दिवस, गाव लहान: ८० × ९० × २५० × ०.५ × १ म्हणजे नऊ लाख रुपये. या गुणाकारात कार्बनचा कुठे मागमूस नाही. कार्बनचा हिशेब वेगळ्या दारातून आलाय.

ते दार ऊर्जा संवर्धन कायद्याचं. २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे कमी केलेल्या उत्सर्जनाच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, व्यापाराला जागा केली, २०२३ मध्ये योजना अधिसूचित झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद-लगदा या चार क्षेत्रांतल्या उद्योगांना उत्सर्जन तीव्रतेची उद्दिष्टं ठरवून देण्यात आली. म्हणजे एक टन माल बनवताना किती वायू सोडायचा याची मर्यादा, पायाभूत वर्ष २०२३-२४. उद्दिष्ट चुकलं तर क्रेडिट विकत घ्या. तेही नाही केलं तर तुटीएवढ्या क्रेडिटच्या सरासरी बाजारभावाच्या दुप्पट भरपाई. एकूण उत्सर्जनावर मर्यादा नाही, हे ध्यानात घ्या: कारखाना दुप्पट माल काढून दुप्पट धूर सोडू शकतो, टनामागे कमी भरलं की झालं. पण १९८६ च्या कायद्याच्या पोटातून कार्बनची मर्यादा आली हा मला यातला मोठा बदल वाटतो. नवा कायदा न करता जुन्याच्या कलम ३ मध्ये केवढी जागा आहे ते दिसलं.

उद्योग याकडे गंभीरपणे बघतात ते दिल्लीमुळे कमी आणि ब्रुसेल्समुळे जास्त. युरोपची सीमेवरची कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून खऱ्या अर्थाने लागू झाली. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत यांच्याबरोबर नट-बोल्टसुद्धा त्या यादीत आहेत. पुणे-संभाजीनगर पट्ट्यातला बोल्ट बनवणारा मध्यम कारखानदार, ज्याने आयुष्यात कार्बनचा हिशेब केला नाही, तो आता वकील शोधतोय, कारण युरोपातला ग्राहक त्याच्याकडे आकडे मागतोय. याच बाजाराच्या शेपटीला खेड्यात वेगळंच काही चाललंय: शेतकऱ्याच्या बांबूवर, बांधावरच्या झाडांवर कार्बन क्रेडिट मिळवून देतो म्हणत करार घेऊन येणारी मंडळी. मी पाहिलेले करार इंग्रजीत, वीस-तीस वर्षांचे, क्रेडिटची मालकी कंपनीकडे आणि वाद झाला तर सुनावणी खासगी लवादापुढे, दूरच्या शहरात. कुणी दाखवायला आणला तर सहीआधी मालकीचं कलम वाचून दाखवा.

नवं तंत्रज्ञान स्वतःच प्रदूषण करतं तिथे कायदा अजून चाचपडतोय. नवी मुंबईत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहतायत. त्यांना ईआयएमध्ये स्वतःचा वर्ग नाही. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं तर "इमारत" म्हणून तपासणी होते. त्यांची विजेची भूक, थंड करायला लागणारं पाणी, रांगेने लावलेले डिझेल जनरेटर हे निवासी टॉवरच्या मापाने मोजलं जातं. सौर पॅनेल २०२२ च्या ई-कचरा नियमांत आले, पण त्यात उत्पादकाने मोडीत निघालेली पॅनेल २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायची एवढंच प्रामुख्याने आहे. बॅटरीचे वेगळे नियम झाले. या सगळ्यांचा डोलारा उत्पादकाच्या जबाबदारीच्या प्रमाणपत्रांवर उभा आहे, आणि प्लास्टिकच्या बाबतीत २०२३ मध्ये गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटकातल्या काही पुनर्वापर कंपन्यांनी काढलेली लाखो बनावट प्रमाणपत्रं केंद्रीय मंडळाला सापडली होती. कचरा उचललाच नव्हता, कागद मात्र विकले गेले.

सगळा प्रवाह एका दिशेने चाललाय असंही नाही. आधी काम, मग पर्यावरण मंजुरी हा प्रकार बेकायदा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने वनशक्ती प्रकरणात १६ मे २०२५ ला ठरवलं. सहा महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला गेला. न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांचं विरोधी मत वाचण्यासारखं आहे. जनविश्वास कायद्याने १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातली कैदेची शिक्षा बहुतांशी काढून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड ठेवला. माझे बरेच सहकारी यावर चिडलेत. मी तितका चिडलेलो नाही, कारण ती कैद भोगलेला कारखानदार मी पाहिलेला नाही. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण मंडळांना स्वतः भरपाई बसवण्याचा अधिकार आहे असं सांगितलं, त्यातून जास्त काही घडेल.

परदेशी निकाल घालू का, असं नवे वकील हटकून विचारतात. नेदरलँड्सचा उर्गेंडा, स्वित्झर्लंडच्या ज्येष्ठ महिलांचा २०२४ चा निकाल, जुलै २०२५ चं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सल्लामत, सगळे घाला, एका परिच्छेदात. मला जवळचा वाटतो तो लाहोरचा २०१५ चा निकाल. अस्गर लेघारी नावाच्या शेतकऱ्याने नवं काही मागितलं नव्हतं. सरकारने स्वतःच छापलेलं हवामान धोरण अमलात आणा, एवढीच मागणी. न्यायालयाने त्यासाठी आयोग नेमला. आपल्याकडे राज्याचे, शहरांचे कृती आराखडे आहेत, मुंबईचा २०२२ चा आहे. उष्णतेचे आराखडेही आहेत. ते बंधनकारक नाहीत म्हणून कपाटात पडून असतात. ते उघडून "हे तुम्हीच लिहिलंय" म्हणायला कुणी हरकत घेऊ शकत नाही.

वकिलीत अर्थ आहे का? पैसा उद्योगांच्या बाजूला आहे: कार्बनचे हिशेब, निर्यातदारांचे करार, प्रमाणपत्रं. गावं फी देत नाहीत, काजू आणि आंबे देतात. दोन्ही करता येतं, फक्त एकाच तालुक्यात दोन्ही करू नका. क्यूजीआयएस हे नकाशाचं फुकट सॉफ्टवेअर शिकून घ्या, आणि भूमी अभिलेखच्या मोजणी करणाऱ्या माणसाशी ओळख ठेवा.

तुमच्या गावाचं म्हणाल तर किनारा प्राधिकरणाने रिसॉर्टला मंजुरी दिली आहे का ते आधी शोधा. दिली असेल तर कलम १६ खाली अपिलाला तीस दिवस आणि वर फार तर साठ, नव्वदाव्या दिवसानंतर लवादाचेही हात बांधलेले. दिली नसेल तर टेकडी तोडल्याच्या तारखेपासून सहा महिने धरा. ग्रामपंचायतीचा ठराव, तलाठ्याचा पंचनामा, काम सुरू होण्याआधीचं आणि नंतरचं तारखेचं चित्र, आणि प्राधिकरणाला लेखी तक्रार, पोच घेऊन. ती तक्रार या आठवड्यात जाऊ द्या, बाकीची जुळवाजुळव नंतर होईल.